रेडिएटरचा फॅन फिरत नाही? नवा घेण्याआधी काय तपासायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात पारा चाळिशीच्या वर गेला की राजवाड्याच्या गर्दीत, भंवरकुव्याच्या सिग्नलला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन ठणठणीत असतं, रेडिएटरमागचा फॅन तेवढा फिरलेला नसतो. आणि फॅन फिरला नाही म्हणजे मोटर जळली, असं धरून चालणं महागात पडतं. शे-दोनशे रुपयांच्या रिलेपायी (फॅनचा करंट चालू-बंद करणारा छोटा डबीसारखा स्विच) किंवा काळ्या पडलेल्या एका पिनेपायी लोक अख्खी फॅन असेंब्ली बदलून येतात आणि आठवड्याने गाडी पुन्हा तापते. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा : आधी मोटर, मग तिच्यापर्यंत येणारी लाइट, मग रिले, शेवटी सेन्सर.

गाडी तापते ती फॅनमुळेच, हे कसं ओळखायचं?

कधी तापते ते बघा. जाममध्ये, सिग्नलला, घरासमोर एसी लावून उभी असताना काटा चढतो आणि एबी रोडला लागून ५०-६०चा वेग धरला की खाली येतो, तर संशय फॅनवर. चालत्या गाडीत वारा समोरून आपोआप मिळतो, उभ्या गाडीत तो फॅनलाच ओढून आणावा लागतो. याच्या उलट, बायपासवर ८०-९०ने जाताना तापत असेल तर फॅनच्या मागे लागू नका. रेडिएटर आतून चोक आहे का, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) पूर्ण उघडतो का, वॉटर पंप पाणी फिरवतो का, कूलंट कमी आहे का, हे बघा.

आणखी एक खूण एसीची. उभ्या गाडीत एसी कोमट हवा देतो आणि गाडी चालू लागली की गार करतो, म्हणजे कंडेन्सरवर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) वारा येत नाहीये. इंजिन तापण्याच्या कितीतरी दिवस आधी ही खूण दिसते, पण लोक गॅस भरून घेतात आणि फॅन तसाच राहतो.

खंडवा रोडच्या भेरूघाटात मात्र हा नियम लागू पडत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर जोर जास्त, वेग कमी. तिथे फॅन आणि रेडिएटर दोघांचीही परीक्षा होते, त्यामुळे फक्त घाटात तापणाऱ्या गाडीला दोन्ही बाजूंनी तपासावं लागतं.

माझ्या गाडीला तापमानाचा काटाच नाही. मग?

आताच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत निळा दिवा म्हणजे इंजिन थंड आणि लाल म्हणजे जास्त गरम, एवढंच दाखवतात. लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, मोबाइलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. काटा असलेल्यांनीही घ्यावा. पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर राहील असाच बसवलेला असतो आणि आतलं तापमान दहा-पंधरा अंशांनी वर-खाली झालं तरी तो हलत नाही.

फॅन किती तापमानाला सुरू व्हायला हवा?

बहुतेक पेट्रोल गाड्यांत थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडायला लागतो आणि फॅन ९५ ते १०५च्या दरम्यान सुरू होतो. चार-सात अंश उतरले की बंद. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. त्यामुळे सकाळी गाडी सुरू केल्यावर दहा मिनिटं फॅन फिरला नाही, तर तो बिघाड नाही. उलट थंड इंजिनावर, एसी बंद असताना तो लगेच फिरत असेल तर काहीतरी बिघडलंय.

हात घालण्याआधी काय काळजी घ्यायची?

गरम इंजिनाची रेडिएटर कॅप उघडू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गाडीत ते ११० पर्यंत न उकळता राहतं ते कॅपने धरलेल्या दाबामुळे आणि कूलंटमुळे. कॅप फिरवली की दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. वरचा होज हाताने दाबता येईल इतका मऊ आणि कोमट झाला की मगच उघडा.

दुसरं, काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो. पात्यांजवळ हात न्यायचा असेल तर आधी फॅनच्या वायरींचा कपलर (प्लगसारखा जोड) काढा किंवा बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. साडीचा पदर, ओढणी, सैल बाही, मफलर बॉनेटपासून लांब.

काहीही न उघडता करता येईल अशी पहिली तपासणी कोणती?

इंजिन चालू करून एसी लावा, ब्लोअर पूर्ण. कंप्रेसरचा 'टक्' आवाज आला की काही सेकंदांत फॅन फिरायला हवा.

एसीवर फिरला, पण इंजिन तापल्यावर फिरत नाही : मोटर, फ्यूज आणि जाड वायरिंग चांगलं आहे. शोध सेन्सरकडे किंवा कमी वेगाच्या सर्किटकडे वळवा. एसीवरही नाही, तापल्यावरही नाही : मोटर, फ्यूज, रिले किंवा अर्थिंग. गाडीला दोन फॅन असतील तर कोणता कशावर फिरतो ते आधी नीट पाहून घ्या. काही गाड्यांत कंडेन्सरचा फॅन वेगळा, त्याचा फ्यूज आणि रिलेही वेगळा, आणि मग एसीचा फॅन फिरला म्हणून रेडिएटरचा चांगला, असं म्हणता येत नाही.

मोटर 'डायरेक्ट' करून कशी बघायची?

सगळ्यात जास्त उत्तरं देणारी तपासणी हीच आहे, आणि घाईघाईत चुकीची केली जाते तीही हीच. लागणारं सामान : २.५ चौरस मिलीमीटरच्या दोन वायर, एकीत २० किंवा ३० अँपिअरचा फ्यूज होल्डर, टोकांना क्लिपा.

इंजिन बंद, थंड. फॅनचा कपलर काढा. मोटरच्या बाजूच्या दोन पिनांना वायर लावा. आधी निगेटिव्ह, मग फ्यूजवाली पॉझिटिव्ह. बॅटरीला पॉझिटिव्ह टेकवताच फॅनने झटक्यात वेग घ्यायला हवा. आवाज एकसारखा हवा. घरघर, खरखर किंवा हळूहळू वेग धरणं हे मोटर थकल्याचं लक्षण. छोट्या गाडीचा फॅन चालताना साधारण ८ ते १५ अँपिअर ओढतो. क्लॅम्प मीटर असेल तर बघा. २०च्या वर स्थिर राहिला तर बुश (मोटरची दांडी ज्यांत फिरते त्या कड्या) घट्ट झालेत.

बारीक वायर वापरू नका. पंख्याच्या रेग्युलेटरची वायर लावून मोटर फिरली नाही म्हणून ती बाद ठरवतात, आणि खरं तर त्या वायरमधून पुरेसा करंटच जात नाही.

तीन-चार पिनांचा कपलर असेल तर थांबा. दोन जाड वायर आणि एक-दोन बारीक, म्हणजे मोटरमध्येच कंट्रोल मॉड्यूल आहे. अशा फॅनला सरळ बॅटरी लावली तर मॉड्यूल उडू शकतं. तो स्कॅनरवरून कमांड देऊनच तपासायचा. तीन-चार पिना पण सगळ्याच जाड असतील तर दोन वेगांची मोटर असू शकते, तिचा वायरिंग डायग्राम पाहून मगच लाइट द्या.

डायरेक्ट करूनही फिरली नाही, पण ठोकल्यावर फिरली. चालेल का?

नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर हलकेच टकटक केलं आणि ती फिरायला लागली, तर आतले कार्बन झिजलेत. कार्बन म्हणजे कम्युटेटरवर घासत करंट पोचवणारे छोटे ठोकळे. ते आखूड झाले की स्प्रिंग त्यांना पुढे ढकलू शकत नाही. ठोका बसला की क्षणभर टेकतात. आज ठोकून घरी पोचाल; पुढच्या वेळी मोटर नेमकी जाममध्ये थांबेल.

कपलर काढून पातं हातानेही फिरवून बघा. हलक्या धक्क्याने ते एखादी फेरी सहज घेऊन थांबायला हवं. जड जात असेल तर बुश सुकलेत, मोटरची दांडी वर-खाली हलत असेल तर झिजलेत. कार्बन आणि बुश बदलून देणारे जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, आणि मोटर उघडण्याजोगी असेल तर हे काम चांगलं टिकतं. कम्युटेटरवर खोल चर पडले असतील किंवा आतून जळका वास येत असेल तर नवीच घ्या. मोटर वेगळी मिळत असताना शराऊडसकट (फॅनभोवतीची प्लास्टिकची चौकट) पूर्ण असेंब्ली घेण्याचं कारण नाही. शराऊड तडकलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

मोटर चांगली निघाली. मग लाइट कुठे अडते?

आधी फ्यूज. बॉनेटखालच्या बॉक्सच्या झाकणावर फॅनचं चिन्ह असतं, मूल्य बहुधा २० ते ४० अँपिअर. नुसता डोळ्यांनी बघू नका. दोन्ही पायांना टेस्ट लॅम्प लावा, दोन्हीकडे पेटायला हवा.

मग कपलर. बिघाडांत मोठा वाटा याचाच असतो, म्हणून जरा वेळ द्या. कपलर उन्हात धरून आतल्या पिना बघा. चांगली पिन चकचकीत पितळी किंवा चंदेरी दिसते. सैल झालेली पिन तापून तपकिरी-निळसर होते, तिच्याभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून वितळतं, आणि नाक जवळ नेलं तर जळक्या बेकेलाइटसारखा वास येतो. सैल सांध्यात रोध वाढतो, रोधामुळे उष्णता, उष्णतेने पिनेची पकड आणखी ढिली. असा कपलर घासून, ग्रीस लावून पुन्हा बसवू नका. नवा घ्या, पिना क्रिम्प करून (पक्कडीने वायरवर दाबून) लावा. वायर पिळून टेप गुंडाळलेला सांधा १० अँपिअरपुढे फार दिवस टिकत नाही.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर मल्टीमीटर. इंजिन आणि फॅन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४ व्होल्ट मिळत असतील, तर मोटरच्या पिनांवर त्यापेक्षा साधारण अर्धा व्होल्ट कमी चालेल. दीड-दोन व्होल्टचा फरक म्हणजे मध्ये कुठेतरी करंट अडतोय. कुठे, ते शोधायला मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी मोटरच्या निगेटिव्ह पिनेला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर दोष अर्थिंगचा : बॉडीला जिथे ती तार नटाने आवळलीय तिथला गंज घासून काढा. ही मोजणी फॅन फिरत असतानाच करायची. फॅन फिरत नसताना एका तंतूवर लटकलेली वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, आणि भलेभले तिथे फसतात.

पावसाळ्यात आणि थंडीत उंदीरही विसरू नका. रामबाग किंवा लोकमान्यनगरच्या गल्लीत आठवडाभर एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीत वायर कुरतडलेली सापडणं नवलाचं नाही.

रिले तपासायची सोपी रीत?

त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा रिले पाहा. अंगावरचा नंबर आणि पिनांची मांडणी तंतोतंत जुळत असेल तरच अदलाबदल करा. फॅन फिरला, हॉर्न बंद झाला, म्हणजे निदान झालं.

जुळणारा नसेल तर रिले काढून सॉकेटमध्ये बघा. चार पिनांच्या रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ हे आकडे असतात. ३०वर कायम १२ व्होल्ट हवेत. मग फ्यूज लावलेल्या जाड वायरने ३० आणि ८७ जोडा. फॅन फिरला तर फ्यूजपासून मोटरपर्यंतची सगळी ओळ शाबूत आहे, दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला. ८५-८६ हे कॉइलचे पाय. मीटरवर साधारण ५० ते १२० ओहम यावेत. 'टक्' आवाज आला म्हणून रिले चांगला समजू नका. कॉइल ओढते, पण आतले पॉइंट जळलेले असतात.

सेन्सरचा दोष कसा ओळखायचा?

जुन्या गाड्यांत थर्मोस्विच असतो, दोन वायरींचा. चावी ऑन करून त्याचा कपलर काढा आणि त्या दोन वायर जोडा. फॅन फिरला तर स्विच बदला.

इंजेक्शनच्या गाड्यांत कूलंट सेन्सर तापमान ईसीएमला (इंजिनाचा कंप्युटर) कळवतो आणि ईसीएम रिले ओढतो. इंजिन चालू असताना या सेन्सरचा कपलर काढला तर बऱ्याच गाड्या सावधगिरी म्हणून फॅन चालू करतात, सोबत चेक इंजिनचा दिवा लागतो. फॅन फिरला तर ईसीएमपासून पुढचं सगळं ठीक आहे, सेन्सर खोटं सांगतोय. (सगळ्याच गाड्यांत ही सोय नसते, म्हणून न फिरल्यास घाईने ईसीएमला दोष देऊ नका.) ओहममध्ये मोजायचं असेल तर बहुतेक सेन्सर २०-२५ अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३००च्या आसपास दाखवतात.

स्कॅनरवर पी०४८० किंवा पी०४८१ आला तर बिघाड फॅनच्या कंट्रोल सर्किटमध्ये. पी०११७, पी०११८ असेल तर कूलंट सेन्सरच्या सर्किटमध्ये. कोड जागा सांगतो, सुटा भाग सांगत नाही. पी०४८० दिसताच फॅन बदलणं चुकीचं आहे.

आणि सेन्सर बदलण्याआधी कूलंटची पातळी बघाच. पाणी इतकं कमी झालं की सेन्सरचं टोक हवेत राहिलं, तर तो कमी तापमान सांगतो. इंजिन उकळत असतं आणि फॅन शांत.

फॅन फक्त जोरातच फिरतो, हळू फिरतच नाही.

कमी वेगासाठी लावलेला रेझिस्टर तुटलाय. तो शराऊडवर, वाऱ्याच्या वाटेत असतो. दोन पिनांत मीटर अनंत दाखवत असेल तर बदला. स्वस्त भाग आहे, पण टाळू नका. तोवर प्रत्येक वेळी मोटरला थेट पूर्ण करंट बसतो आणि इंजिनही जास्त तापल्यावरच फॅन लागतो.

चावी काढली तरी फॅन थांबत नाही.

गरम इंजिनावर काही मिनिटं फिरून थांबला तर काही गाड्यांत ते ठरवूनच केलेलं असतं. थांबलाच नाही तर रिलेचे पॉइंट चिकटलेत. रिले उपसून काढा. १० अँपिअर ओढणारा फॅन ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-साडेतीन तासांत संपवतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो. मोठा लावू?

मुळीच नाही. फ्यूज वायरला वाचवतो. मोठा लावलात तर वायर फ्यूजचं काम करेल, म्हणजे जळेल. चालू करताक्षणी उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. दोन-पाच मिनिटं फिरून उडाला तर मोटर जड झालीय. इंजिन प्रेशरने धुतल्यावर उडायला लागला तर कपलरमध्ये पाणी आहे.

फॅन फिरतोय, तरी गाडी तापते.

वाऱ्याची दिशा बघा. रेडिएटरमागचा फॅन हवा बाहेरून इंजिनाकडे ओढतो. वर्तमानपत्राचा कागद पुढच्या जाळीसमोर धरा, तो जाळीला चिकटून राहायला हवा. कागद तुमच्याकडे उडाला तर कोणीतरी मोटर बदलताना वायर उलट्या जोडल्यात. अशी गाडी उभी असताना तापतेच, चालत्या गाडीतही फॅन समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडतो.

कागद एकाच जागी चिकटतो आणि बाकी फडफडतो? शराऊड तुटलंय किंवा काढून टाकलंय, किंवा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत माती, किडे, पानं भरलीत. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाने मारा. जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरच्या पातळ पाकळ्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर रेड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गेलेले कूलंटचे होज तपासा. तिथले सांधे झिरपतात आणि एअर लॉक धरतो, म्हणजे आत हवा अडकते.

मिस्त्री म्हणतो, डॅशबोर्डवर स्विच लावून डायरेक्ट करून देतो.

घरी पोचण्यापुरतं ठीक. कायमचं नको. स्विच लावायला विसरलात तर हेड गॅस्केटचं काम निघेल, बंद करायला विसरलात तर सकाळी बॅटरी बसलेली. रिलेशिवाय छोट्या स्विचमधून दहा अँपिअर नेले तर स्विच वितळतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही मानू नका : इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त जळतं आणि फॅनचा मूळ बिघाड तसाच राहतो.

ओंकारेश्वरहून येताना वाटेत काटा चढला तर?

एसी बंद. हीटर पूर्ण गरम, ब्लोअर पूर्ण, काचा खाली. हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे. मेमध्ये अंग भाजून निघेल, पण इंजिन वाचेल. तरीही काटा लाल रेघेकडे सरकला तर बाजूला घ्या आणि बंद करा. अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड वाकतं किंवा तडकतं. थंड झाल्यावर पातळी भरा, फॅनचा रिले बदलून बघा, आणि शक्यतो मोकळ्या रस्त्याने न थांबता चालवा.

पाणी कोणतं भरायचं?

बोरिंगचं नको. बादलीच्या तळाशी जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि सेन्सरच्या टोकावर बसतो, आणि थर बसलेला सेन्सर उशिरा बोलतो. तयार कूलंट किंवा कूलंट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. सांडलेलं कूलंट लगेच धुवा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असतं, गल्लीतली कुत्री आणि गाई ते चाटतात.

जुन्या जीपसारख्या गाडीत मोटरच नाही, फॅन बेल्टवर आहे.

तिथे व्हिस्कस कपलिंग (फॅनला फिरवणारा, आत तेल असलेला जोड) बघा. इंजिन बंद, गरम असताना फॅन हाताने फिरवल्यावर चांगला विरोध जाणवायला हवा. भिंगरीसारखा मोकळा फिरला किंवा कपलिंगभोवती तेलकट काळा थर दिसला तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय.

काम झाल्यावर ठीक झालं हे कसं समजायचं?

एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा, स्कॅनरवर आकडा बघत. फॅन लागला, आकडा उतरला, फॅन थांबला, आकडा पुन्हा चढला, फॅन पुन्हा लागला : अशी दोन आवर्तनं पूर्ण होऊ द्या. मग एसी लावून पुन्हा. शेवटी इंजिन बंद करून फॅनच्या कपलरला बोट लावा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर ती पिन अजून बदलायची आहे.